लवचीक खांबांची सायकल लेन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायकल लेन गाड्यांपासून वेगळी करणारे हे खांब मोडतात याची तक्रार नाही. गाड्या घासणार, काही खांब जाणार, हे धरूनच ते लवचीक केलेले असतात. राग आहे तो मागे उरणाऱ्या बोल्टचा. तळाची रबरी चकती निघून जाते आणि दोन-तीन सेंटीमीटर लोखंड डांबरातून वर डोकावत राहतं, नेमकं चाकाच्या वाटेत. दिवसा दिसतं. रात्री, साचलेल्या पाण्याखाली, नाही.

खांब उखडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: काँक्रीटसाठी बनलेला फुगणारा अँकर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) डांबरात ठोकलेला. उन्हात डांबर मऊ पडतं, पकड सुटते आणि प्रत्येक धक्क्याला भोक मोठं होतं. भोकातली धूळ फुंकून काढली, इपॉक्सी (कडक होणारा गोंद) भरून दांडा बसवला आणि पुरतं कडक होईपर्यंत गाड्या लांब ठेवल्या, तर टिकतो. त्याहून उत्तम म्हणजे रस्त्याच्या पातळीत आट्यांची नळी गाडायची. खांब मोडला की फिरवून काढायचा, नवा लावायचा. सुरुवातीचा खर्च जास्त, पण दर वेळी ड्रिल आणायला लागत नाही. फक्त नळीला टोपण हवं, नाहीतर माती जाऊन आटे बाद.

खांबांशिवायही लेन होते. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या साथीत, कोलंबियातल्या बोगोटाने ट्रॅफिक कोन मांडून तातडीच्या सायकल लेन उघडल्या. बर्लिनने रस्तेकामातले जड पायाचे फलक उभे केले. बोल्टचा प्रश्नच नाही! कोन म्हणजे तात्पुरता देखावा, असं आधी मत होतं. आता वाटतं, लेन कुठून जावी हे ठरेपर्यंत भोक पाडूच नये.

रुंदीचंही तसंच. कागदावर दीड मीटर. त्यातून खांबाची 20 सेंटीमीटरची चकती आणि कडेची गटाराची जाळी वजा केली की मीटरभर उरतं, म्हणजे ओव्हरटेक विसरा. दोन मीटर मोकळे हवेत. रस्ता झाडणारं यंत्रही अरुंद लेनमध्ये शिरत नाही, मग काचा तिथेच साठतात. जाळीच्या फटी चाकाला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत बारीक टायर अडकतो.

खांबांत दहा मीटर अंतर ठेवलं की आत कार उभी राहिलीच म्हणून समजा. दुकानांसमोर तीन मीटर ठेवा.

पादपथ वाढवायला रस्त्यातून घेतलेली जादा पट्टी चांगली चालली, पण ती रस्त्याच्या पातळीवर आहे. पादपथावरून तिच्यावर उतरायला रॅम्प नसेल तर व्हीलचेअरला तिचा उपयोग शून्य.

नवा खांब महिन्याने आला तरी चालेल. मोडलेल्याचा बोल्ट मात्र त्याच दिवशी ग्राइंडरने पातळीत कापा.