एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

दोन मित्र धंदा काढतात तेव्हा सीएला पहिला प्रश्न हाच विचारतात. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे खासगी कंपनी. दोन्हीकडे किमान दोघे लागतात आणि धंद्याचं कर्ज थेट घरादारावर येत नाही. (बँकेने वैयक्तिक हमीवर सही घेतली की हे कवच गळालंच, ते वेगळं.)

खरा फरक पैसे उचलताना कळतो. एलएलपीत कर भरून उरलेला नफा भागीदार करारातल्या वाट्याने घेतात, त्यावर पुन्हा कर नाही. कंपनीचा पैसा मात्र कंपनीचाच. मुलीच्या लग्नासाठी संचालकाने खात्यातून पाच लाख उचलले, तर संचालकाला कर्ज देण्यावर बंधन घालणारं कंपनी कायदा, 2013 चं कलम 185 आडवं येऊ शकतं. अटींत बसणाऱ्या काही खासगी कंपन्यांना सूट आहे, पण त्या अटी आधी वाचाव्यात. नाहीतर पगार घ्या किंवा लाभांश, आणि लाभांशावर पुन्हा स्वतःचा कर भरा. मला ही शिस्त आवडते. दुसऱ्या भागधारकाला फसवणं त्यामुळे अवघड होतं.

ऑडिट एलएलपीला उलाढाल 40 लाख किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेल्यावरच सक्तीचं. कंपनीला विक्री शून्य असली तरी चुकत नाही.

सल्लागार, आर्किटेक्ट यांनी एलएलपीच करावी. गुंतवणूकदार आणायचा किंवा कर्मचाऱ्यांना शेअर द्यायचे असतील, तर सुरुवातीपासून कंपनी. नंतर एलएलपीची कंपनी करता येते, पण पॅन बदलतो, मग जीएसटी नोंदणीही नव्याने.