आरएफ १५-३५ एफ/२.८ की १४-३५ एफ/४? दोन्ही वापरून झाल्यावर

दोन्ही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, मग एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट उजेडासाठी, जास्तीचं वजन आणि पैसे कशाला, असा हिशोब करून मी आधी कॅननची आरएफ १४-३५ एफ/४ ही वाइड झूम लेन्स घेतली. दीड वर्ष वापरली, आता १५-३५ एफ/२.८ वापरतोय.

एफ/४चं चांगलं आधी सांगतो, कारण लेन्स खरंच गोड आहे. ती ५४० ग्रॅम, दुसरी ८४०, आणि हा फरक हातात घेतल्यावर फारसा वाटत नाही पण दिवसभर गळ्यात अडकवून फिरलं की संध्याकाळी मानेला कळतो. २० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, फुलंपानं मस्त येतात. १४ मिमीला काढलेली रॉ (कच्ची) फाइल उघडली तर कोपरे काळे दिसतात, सॉफ्टवेअरचं करेक्शन लागलं की ठीक, मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

खुपलं ते वेगळंच. खोलीत पिवळट दिवे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४००च्या वर जायची इच्छा नाही, एफ/४ला शटर येतंय १/१५ सेकंद. स्टॅबिलायझर एवढं आरामात सांभाळतो, भिंत, खुर्च्या, टेबलावरचे ग्लास सगळं एकदम शार्प आणि टाळ्या वाजवणाऱ्याचे हात म्हणजे नुसता धूर. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर छान दिसायचं म्हणून मी निवांत, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की जीव चुटपुटायचा, कारण हसण्याचा नेमका क्षण सापडलेला असायचा आणि चेहराच हललेला. या लेन्सच्या स्टॅबिलायझरसाठी कॅनन जो ५.५ स्टॉपचा आकडा सांगते ना, तो आपल्या हाताच्या थरथरीपुरता, समोरचा माणूस हलला तर त्याचा काही उपयोग नाही. त्यात वाइडला आपण माणसाच्या अगदी जवळ उभे असतो, तो जरा वळला तरी फ्रेममध्ये बराच सरकतो.

एफ/२.८ने जादू होत नाही हेही खरं, १/१५चा १/३० होतो इतकंच. पण गप्पा मारणाऱ्या माणसांचे फोटो तेवढ्यानेही बरेच जास्त वाचतात असा माझा अनुभव, मोजून वगैरे बघितलेलं नाही. ताऱ्यांचंही तेच, कॅमेरा ट्रायपॉडवर असला तरी तारे सरकतातच, तिथे दुप्पट उजेडच कामी येतो.

डोंगर, इमारती, एफ/८ आणि ट्रायपॉड असं काम असेल तर एफ/४ घ्या, ३०० ग्रॅम उगाच वाहू नका. तुमचं गणित वेगळं असू शकतं, पण फ्रेममध्ये माणसं असतील आणि उजेड कमी, तर मी तरी एफ/२.८च घेईन. ठरतच नसेल तर आपले जुने वाइडचे फोटो काढून बसा, १/३०च्या खालचे, आणि बघा काय हललंय, अख्खी फ्रेम की फक्त माणूस.