लाल बटणाच्या डबीत २८,९१० रुपये गेले

अमळनेरला स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ७८,००० ची सबसिडी मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. व्हेंडरने मला लुटलं ते ‘रॅपिड शटडाउन किट’च्या नावाखाली, म्हणजे धोक्याच्या वेळी लाल बटण दाबून पॅनलच्या वायरींतला करंट उतरवायची सोय. २४,५०० अधिक जीएसटी ४,४१०, एकूण २८,९१०. त्यातले १०,००० फोनवरून, १८,९१० रोख. बिल कच्चं. त्यावर जीएसटी नंबर नाही, तरी जीएसटी घेतला!

“सर, हे नसेल तर सबसिडी अडकते,” असं म्हणत त्याने मोबाइलवर अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडचं कलम ६९०.१२ दाखवलं. मी शिकलेला माणूस, वाचून खात्री केली. कलम खोटं नाही. २०१७ च्या आवृत्तीत अट आहे, बटण दाबल्यापासून ३० सेकंदांत पॅनलमधल्या वायरींचं व्होल्टेज ८० च्या आत आलं पाहिजे, आग विझवायला चढलेल्याला शॉक बसू नये म्हणून. पण तो नियम तिकडचा. आमच्या सबसिडीशी त्याचा काय संबंध? नातवंडं स्लॅबवर खेळतात. कोणीही घाबरला असता.

खरं तर सगळं डोळ्यांसमोर होतं. वायरींचं व्होल्टेज उतरवायचं तर पॅनलखालीही यंत्र लागतं. इथे पॅनल सहा आणि मीटरशेजारी लाल बटणाची डबी एकच. स्लॅबवर कोणी चढलंसुद्धा नाही, वीस मिनिटांत काम आटोपलं. ‘पॅनलखाली काय लावलं?’ एवढंच विचारायचं होतं. त्याने बटण दाबलं, सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) बंद झाला आणि मी मान डोलावली. ती मान डोलावणं अजून रात्री झोपू देत नाही.

मे महिन्यात पंपाच्या वायरमनने भर दुपारी बटण दाबून पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरींना मीटर लावला. २७१ व्होल्ट! “आप्पा, तुम्ही फसनात.” डबीत साधा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, फक्त इन्व्हर्टरपुढची एसी लाइन तोडणारा. अहो, लाइट गेली की हा सोलरचा इन्व्हर्टर तसाही बंदच होतो! पण ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरींत करंट राहतोच.

वीज कार्यालयात म्हणाले, “व्हेंडर तुम्ही निवडला.” पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, वकील गाठा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. चार चकरा, प्रत्येक टेबलावर नवा अर्ज, नव्या झेरॉक्स आणि पोच मागितली की “साहेब जेवायला गेलेत.” पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवायचं, पण तक्रार लिहून घ्यायची नाही! चोराला मग भीती कोणाची?

रोख देऊ नका. किट म्हणाला तर आधी पॅनलखाली वाकून बघा. बटण दाबायला लावा आणि डीसीवर मीटर लावूनच पैसे द्या, तेही उन्हात. सबसिडीसाठी काय लागतं ते कार्यालयातून लेखी घ्या.

डबी अजून भिंतीवर आहे. काल तिच्यावर पांढऱ्या पट्टीने लिहून ठेवलं: ‘हे बटण दाबलं तरी वर करंट असतो.’