रन-फ्लॅट की साधे टायर? वापरलेली स्पोर्ट्स कार घेतल्यानंतरचा पहिला प्रश्न

वापरलेली स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला सगळेजण इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भीती घालतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातला पहिला मोठा खर्च बहुतेकदा टायरांवर होतो. गाडी विकायची असे एकदा ठरले की कोणताही मालक तिच्या टायरांत पैसे घालत नाही. माझ्या गाडीच्या टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती आणि त्या नक्षीवर मी भाळलो होतो. टायरच्या कडेला छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, हे ठाऊक असूनही मी ते आकडे व्यवहार पूर्ण झाल्यावर वाचले. टायर सात वर्षांचे निघाले. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडत असे, म्हणून ते झिजले नव्हते एवढेच. रबर मात्र वाळून कडक झाले होते.

गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे तिचा दोष मी गाडी बनवणाऱ्यावर ठेवत नाही. दोन आसनांची, घडी होणाऱ्या पत्र्याच्या छताची आणि कारखान्यातून रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर धावू शकणारे) टायर घेऊन आलेली अशी ती आहे, एवढे पुरे. तुमच्याकडे समजा २००९ ते २०१६ या काळातली, ई-८९ पिढीची बीएमडब्ल्यू झेड-४ असेल, तर तुमच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहील. त्या गाडीत स्टेपनीला जागाच ठेवलेली नाही, आणि छत मिटून मागे गेले की सामानाची जागा ३१० लिटरवरून १८० लिटरवर येते. तेव्हा ‘साधे टायर लावतो आणि एक स्टेपनी डिकीत टाकतो’ हा मधला मार्ग कागदावरच राहतो; शिवाय १८ इंची चाकांवर पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत) असे वेगवेगळे माप असल्यामुळे नेमकी कोणती स्टेपनी न्यायची हाही प्रश्न उरतोच.

मी दोन्ही पर्याय वापरून पाहिले. आधी कंपनीच्या शिफारशीप्रमाणे नवे रन-फ्लॅट घातले आणि ते सुमारे चौदा महिने चालवले. नंतर त्याच मापाचे साधे टायर घातले, त्यालाही आता वर्ष होऊन गेले. रस्ते तेच, गाडी तीच, चालवणारा तोच. मोजमापाचे कोणतेही यंत्र माझ्यापाशी नव्हते, त्यामुळे पुढचे सारे माझ्या कानांच्या आणि कमरेच्या साक्षीवर आधारलेले आहे.

रन-फ्लॅटच्या बाजूने एका रात्रीची साक्ष आहे, ती आधी नोंदवतो. जुलै महिन्यात आम्ही दोघे पुण्याहून परतत होतो. घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्याजवळ आलो तेव्हा पाऊस इतका होता की वायपर पुरा पडत नव्हता, आणि तेवढ्यात हवा कमी झाल्याचा दिवा लागला. मागचे डावे चाक होते. अशा टायरची मर्यादा साधारणपणे ताशी ८० किलोमीटरपेक्षा कमी वेगाने ८० किलोमीटर अंतर अशी सांगितली जाते. परळपर्यंतचे अंतर सत्तरच्या आसपास होते. मी साठच्या वेगाने, डाव्या मार्गिकेतून, ट्रकांचे हॉर्न ऐकत घरी आलो. पत्नीला दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगेपर्यंत टायर पंक्चर असल्याचा पत्ताही नव्हता. साधे टायर असते तर त्या पावसात द्रुतगती मार्गाच्या कडेला उभे राहून आम्ही काय केले असते, याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही.

मुंबईकरांनी या बाजूने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोन केला की स्कूटरवर पंप बांधून येणारा पंक्चरवाला हा आपल्या शहरातला मोठा आधार आहे. परंतु वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग या चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे, म्हणजे अशी गाडी जिथे चालवावीशी वाटते नेमक्या तिथेच तो पोहोचू शकत नाही. शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातला मोठा भाग समुद्रावर. तिथे टायर बसला तर टोइंगची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नाही. टोइंगची गाडीही मागून उचलून ओढणारी चालत नाही, अख्खी गाडी पाठीवर घेणारी फ्लॅटबेडच लागते. ज्यांचा रोजचा रस्ताच या सेतूवरून जातो, किंवा ज्यांच्या घरातली गाडी रात्री-अपरात्री एकटे माणूस चालवते, त्यांनी इथेच वाचन थांबवून रन-फ्लॅट घेतले तरी मी त्यांना चूक म्हणणार नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब. खिळा नक्षीच्या मधोमध घुसला होता, म्हणजे साध्या टायरला मशरूम पॅच (छिद्रात आतून बसवायचे रबरी ठिगळ) लावून भागले असते. परंतु हवेशिवाय इतके अंतर धावलेल्या रन-फ्लॅटच्या कडेच्या भिंतीला आतून किती इजा झाली हे बाहेरून कळत नाही, म्हणून तीन दुकानांनी तो दुरुस्त करायला नकार दिला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. जोडीच्या टायरची नक्षी निम्मी झालेली असल्याने मागचे दोन्ही बदलावे लागले, त्या मापाचा रन-फ्लॅट शहरात लगेच मिळाला नाही, आणि गाडी बारा दिवस तळघरातल्या पार्किंगमध्ये एका बाजूला कलून उभी राहिली. घरी सुखरूप येण्याची किंमत म्हणून मी ती तक्रार न करता भरली.

माझा निर्णय त्या खर्चाने झाला नाही. तो झाला एका चिवचिवाटाने.

गाडी घेतल्यापासून माझ्या उजव्या कानामागे, छत आणि मागची काच जिथे मिळतात त्या सुमाराला, एक बारीक आवाज येत असे. पक्ष्याच्या पिल्लाने चोच उघडावी तसा, थांबून थांबून. गुळगुळीत डांबरावर तो नसे. काँक्रीटच्या रस्त्यावर दर सांध्याला एकदा आणि पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर अखंड. जे. जे. उड्डाणपुलावर तर प्रत्येक सांध्याला आधी कमरेत ठक् आणि मग कानात चिव् अशी जोडी ठरलेली होती. रविवारी पहाटे साडेपाचला रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडावे, इंजिनाचा आवाज ऐकावा, यासाठी माणूस अशी गाडी घेतो. मी मात्र रेडिओ लावून चालवू लागलो होतो.

छताचाच दोष असणार असे गृहीत धरून मी तीन महिने त्याच्यामागे लागलो. रबरी पट्ट्या पुसून त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावले. एका गॅरेजमध्ये छताच्या कड्या समायोजित करून घेतल्या. दुसरीकडे सीटमागचे प्लॅस्टिक काढून त्याखाली फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक उपायानंतर चार दिवस शांततेत जात, पाचव्या दिवशी पिल्लू पुन्हा हजर. या साऱ्याचे बिल जोडले तर एका टायरची किंमत निघाली असती. (जाता जाता: छताच्या रबरांना वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्याच्या आधी, ग्रीस लावावेच, ते काम आवाजासाठी नसले तरी पाण्यासाठी आवश्यक आहे.)

शेवटी अलाइनमेंटसाठी गेलो असता टायरवाल्याने गाडीचा मागचा भाग हाताने दोनदा दाबला, टायरच्या कडेवर अंगठा रोवून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, हा टायर दबतच नाही. सगळा मार वर जातोय.” हे मला पुस्तकातून माहीत होते. हवा नसताना गाडीचे वजन पेलायचे म्हणून रन-फ्लॅटची कडेची भिंत जाड आणि ताठ असते. हवा असतानाही तो ताठपणा जात नाही, आणि सांध्याचा जो धक्का साधा टायर स्वतःत मुरवतो तो रिम, सस्पेन्शन आणि तिथून बॉडीकडे जातो. उघड्या छताच्या गाडीची बॉडी बंद गाडीपेक्षा मुळात कमी ताठ. त्यातून छताचे तुकडे एकमेकांवर घासणारे. एवढे सगळे माहीत असूनही दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

साधे टायर घातले त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट जे. जे. उड्डाणपुलावर गेलो. ठक् चे धप् झाले होते. चिवचिव पूर्ण गेली असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या अंदाजाने दहा वेळांतल्या नऊ वेळा ती येत नाही, आणि उरलेली एक मी त्या गाडीच्या वयाला माफ केली आहे. दुसरा फरक अपेक्षित नव्हता: काँक्रीटच्या लांब भेगांमागे आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमागे स्टीअरिंग आपणहून ओढले जायचे, तो हट्ट बराच कमी झाला. आधी पूर्व द्रुतगती मार्गावर दोन्ही हातांनी घट्ट धरावे लागणारे स्टीअरिंग आता सैल हाताने चालते.

काही गमावलेही. वळणात शिरताना गाडी आधी तत्काळ वळायची, आता क्षणभर विचार करते. शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्याला हे आवडणार नाही. मला महालक्ष्मी ते मरीन ड्राइव्ह या प्रवासात त्याची उणीव भासलेली नाही. आणि खड्ड्यांबाबत कोणी असे सांगितले की साध्या टायरने प्रश्न मिटतो, तर त्यावर विश्वास ठेवू नये. रन-फ्लॅटवर असताना माझी एक रिम वाकली होती, तिचा बेंड काढावा लागला. साध्या टायरवर रिम वाचली, पण शीवजवळच्या एका खड्ड्यात पुढच्या टायरला बाजूने फुगा आला आणि टायर टाकून द्यावा लागला. नुकसान दोन्हीकडे आहे, ते कुठे होते एवढाच फरक. फुगा आलेला टायर मात्र दुसऱ्या दिवशी, मागवलेला नसताना, दुकानातूनच मिळाला. चारही टायरांचा विचार करता माझ्या चौकशीत साधे टायर रन-फ्लॅटच्या साधारण दोन-तृतीयांश किमतीत पडत होते. आज भाव वेगळे असतील.

साधे टायर घ्यायचे ठरवले तर काही पथ्ये पाळावी लागतात. एकाच अॅक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा असा संसार थाटू नये. शक्यतो चारही एकदम बदलावेत. माप तेच ठेवावे, पण टायर ‘एक्स्ट्रा लोड’, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या, प्रकारचा पाहावा. २२५/४० आर १८ या मापात ८८ भारांक म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि ९२ म्हणजे ६३० किलो. खड्ड्यांच्या शहरात हा जास्तीचा जोर उपयोगी पडतो. दिसायला छान म्हणून १९ इंची चाके चढवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास मागच्या टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ३० टक्क्यांवर येते आणि साध्या टायरने मिळवलेले सगळे घालवले जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपातील बदलांवर बंधने घालते आणि अपघातानंतर विमा कंपनी त्याची आठवण करून देऊ शकते. डिकीत हवा भरायचा कॉम्प्रेसर, छिद्र आतून बुजवणाऱ्या सीलंटची बाटली आणि छिद्रात खुपसायच्या रबरी स्ट्रिपचा संच ठेवावा. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनीच्या सक्तीतून सूट दिली, ती याच तिकडीच्या भरवशावर. सीलंट शक्यतो वापरू नये. नंतर टायर उघडणारा पंक्चरवाला जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. सीलंटच्या बाटलीवर मुदत असते, तीही पाहावी. माझ्या गाडीतली यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या गतीवरून हवा ओळखते, त्यामुळे हवा भरल्यावर ती दर वेळी नव्याने सेट करावी लागते. हे विसरल्यास दिवा खोटे सांगतो.

आणि कोणताही टायर घेण्याआधी लॉक नटची चावी शोधावी. चारही चाकांना एकेक वेगळ्या खाचेचा नट असतो आणि तो उघडणारा अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा जुन्या मालकाच्या कपाटात राहून जातो. माझा तसाच राहिला होता. तो परत मिळवायला मला तीन फोन आणि ठाण्याची एक फेरी पडली. तो नसता तर नट कापून काढावे लागले असते. रन-फ्लॅटच्या गाडीत जॅक नसतो, म्हणून हा तुकडा हरवल्याचे वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही.

राहता राहिला पावसाळा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण मागे २५५ रुंदीचा टायर असलेल्या हलक्या गाडीत साचलेल्या पाण्यावर त्या नक्षीचा भरवसा मी धरत नाही. तीन मिलिमीटरला आलो की मेअखेर बदलतो. मागचे दोन या मेमध्ये बदलायचे आहेत आणि ते साधेच असतील. पुण्याला रात्री जायचे झाले तर मात्र आम्ही घरातली दुसरी, स्टेपनी असलेली गाडी काढतो.