पावणेदोन इंच: घडीच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा सात महिन्यांचा (आणि एका क्रूझचा) अनुभव

गेल्या मंगळवारी रंकाळ्याच्या कडेला, भर पावसात, माझी खुर्ची थांबली ती हलेचना. जोयस्टिकवर लाल दिवा पाच वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत पाच वेळा. भाच्याला फोन लावला आणि तो येईपर्यंत वीस मिनिटं भेळवाल्याच्या छत्रीखाली बसून राहिले. हा अनुभव त्या वीस मिनिटांतच मनात लिहून झाला होता. फक्त तेव्हा त्यात शिव्या जास्त होत्या.

खुर्चीचं वजन, वेग, मोटर ही माहिती सगळीकडे आहे, ती परत लिहीत नाही. माझ्याबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर आला आणि त्यावरच बँकेच्या काउंटरवर चौतीस वर्षं काढली. आजही कुबडी घेऊन चाळीसेक पावलं जाते, पण खांदे बोलायला लागलेत. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीनं हट्ट धरला की मुंबईहून जहाजानं लक्षद्वीपला जाऊ. त्या जहाजासाठी ही खुर्ची आली. चौऱ्याहत्तर हजार रुपये मी आयुष्यात कुठल्याही एका वस्तूवर घातलेले नव्हते. स्कूटरसुद्धा सेकंडहँड घेतली होती.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट मी बरोबर केली. दुकानदार मोठी बॅटरी गळ्यात मारत होता, 24 व्होल्ट, 20 अँपिअर-अवर. "मॅडम, वीस किलोमीटर बघायला नको." मी 12 ची मागितली. पुढेमागे विमानानं जायचं झालं तर घडीच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-अवरपर्यंतच चालते, आणि तीही काढून केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवावी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर; 24 गुणिले 12 म्हणजे 288. 24 गुणिले 20 म्हणजे 480, ती विमानतळावरच राहणार. दुकानदार म्हणाला, "सगळं चालतं हो." बँकेत चौतीस वर्षं ज्यांनी ज्यांनी मला "सगळं चालतं" सांगितलं, त्यांचे फॉर्म मी परत केलेत.

बॅटरी पंधरा किलोमीटर चालेल असं सांगितलं होतं. कोल्हापुरात नऊ मिळतात, आणि टेंबलाईच्या बाजूला चढावर गेलं की सातच. जहाजावर मात्र दिवसभर फिरूनही निम्मी शिल्लक राहायची.

आता जहाजाकडे येते. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका जहाजाशी नाही. भांडण आहे 'व्हीलचेअर' या शब्दाशी. एजंटला विचारलं, "व्हीलचेअरवाल्यांसाठी केबिन आहे का?" तो म्हणाला, "आहे ना मॅडम, व्हीलचेअर मिळते." गेटपासून जहाजापर्यंत ढकलत नेतात ती खुर्ची त्याच्या डोक्यात होती. आत गेल्यावर माझी खुर्ची खोलीच्या दारातून शिरते का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. साध्या केबिनचं दार बहुतेक जहाजांवर बावीस-तेवीस इंचांचं असतं आणि माझी खुर्ची साडेतेवीस इंचांची. बाहेर कॉरिडॉरमध्येही ती ठेवता येत नाही, आग लागली तर वाट अडते म्हणून. म्हणजे खुर्ची खोलीत मावली नाही तर सहल तिथंच संपली. सोयीच्या केबिनचं दार बत्तीस इंचांच्या आसपास असतं, आत खुर्ची फिरवायला पाचेक फुटांची मोकळी जागा असते, न्हाणीत बसायला फळी आणि धरायला दांडे. पण अख्ख्या जहाजावर अशा खोल्या मोजक्याच, आणि धडधाकट लोकही जागा मोठी म्हणून त्या घेऊन टाकतात. चार मेल आणि अकरा फोन झाल्यावर आम्हाला एक मिळाली.

रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबई गाठली. सीएसएमटीहून बंदर हाकेच्या अंतरावर, पण टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी. सव्वीस किलोची खुर्ची टपावर चढली. टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, ही उडाली तर मी जबाबदार नाही." बंदरावर सामानाच्या तपासणीत आमचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला, जहाजावर असले बोर्ड चालत नाहीत. खोलीत खुर्ची, दोन मोबाइल आणि धाकटीची केस वाळवायची मशीन, सगळं एकाच प्लगवर पाळीपाळीनं. धक्क्यावरून जहाजात चढायच्या उताराचं एक ध्यानात ठेवा: भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा चढ बदलतो. सकाळी आरामात चढलेली खुर्ची परतीच्या वेळी तिथंच घसरू शकते. खलाशांनी मला दोन्ही वेळा मागून धरलं, न सांगता. ही माणसं चांगली होती, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी चिडणार आहे.

खोली उत्तम होती. दार मोठं, पलंग योग्य उंचीचा, खिडकीतून समुद्र. न्हाणीच्या दाराशी गेले तर बाहेरच्या बाजूनं छान पत्र्याचा उतार बसवलेला. चढले. आणि आतल्या बाजूला उतारच नाही, सरळ खाली पायरी. धाकटीच्या पर्समध्ये शिवणाची टेप असते, मोजलं तर पावणेदोन इंच.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी काय रडायचं. पुढची छोटी चाकं त्या कडेवरून खाली पडतात, मागची मोठी चाकं वर राहतात, आणि आपण पुढं कलतो, ओल्या फरशीकडे. परत निघताना छोटी चाकं त्या कडेला टेकून अडतात, जोयस्टिक कितीही दाबा, मोटर नुसती हुंकारते. पाच रात्रींत मी त्या उंबऱ्याशी जेवढा वेळ घालवला तेवढा जेवणाच्या टेबलावरही घालवला नसेल. उंबरा का असतो ते मला कळतं. जहाज डोलतं, न्हाणीतलं पाणी खोलीत येऊ नये. पण मग बाहेरून उतार कशाला? ज्यानं तो बसवला तो आत गेलाच नाही, दारातूनच बघून "झालं" म्हणून वहीत टिक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली. तासाभरात जहाजाचा सुतार लाकडी पाचर घेऊन हजर, स्वतःच रंधा मारलेली. आठ इंच लांब. उताराचं माप असं की एक इंच चढायला बारा इंच लांबी. पावणेदोनला एकवीस हवेत. आठ इंचांवर खुर्ची चढते, पण धाकटीनं मागून रेटा दिला तरच. तरीही तासाभरात, पगारी सुतार, हसत! आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी उतार करायला तीन वर्षं झाली, अजून ठरावच फिरतोय.

निघायच्या आधी सगळ्या प्रवाशांना धोक्याच्या वेळी जमायची जागा दाखवतात. 13 जानेवारी 2012 ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकाला लागून कललं, त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. माझ्यापाशी एक अधिकारी वेगळा येऊन बसला, कुठला पाय, किती पावलं, सगळं लिहून घेतलं. म्हणाला, धोक्यात लिफ्ट बंद असते, तुम्हाला आमची माणसं जिन्यावरच्या खास खुर्चीत बसवून नेतील. मी विचारलं, "आणि माझी?" तो म्हणाला, "ती राहील, मॅडम." चौऱ्याहत्तर हजार!

लक्षद्वीपला मी उतरले नाही. प्रवाळाच्या आतलं पाणी उथळ, मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि छोट्या बोटींनी माणसं नेतात. जहाजाच्या पोटातल्या दारातून बोटीत पाय टाकायचा, आणि बोट दर दोन सेकंदांनी फूटभर वर-खाली. खुर्ची नेणार नाहीत, हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे मात्र आगाऊ घेतले होते. परत मिळाले, दोन महिने मागं लागल्यावर. तेव्हा अशी सहल ठरवताना प्रत्येक बंदराबद्दल एवढंच विचारा: जहाज धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकतं? गोव्याला मुरगावच्या धक्क्याला लागलं, मी स्वतः चालवत खाली उतरले.

पण तो लक्षद्वीपचा दिवस. धाकटीला जबरदस्तीनं बोटीत पाठवलं आणि वर आले तर अख्खं जहाज रिकामं. लिफ्टला रांग नाही, डेकवर वाट अडवणाऱ्या आरामखुर्च्या एका वेटरनं माझ्यासाठी बाजूला केल्या. मी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पूर्ण वेगात गेले आणि परत आले. सहा फेऱ्या. कुणी "सावकाश हं" म्हणालं नाही. खाली पाणी असं निळं की डाय सांडल्यासारखं. घरी आल्यावर त्याच धुंदीत मी खुर्चीला पाच तारे देऊन टाकले होते. ते परत घेते.

कारण जहाजाचा डेक सपाट असतो आणि महाद्वार रोड नसतो. फेब्रुवारीत पुढच्या एका चाकाचं बेअरिंग वाजायला लागलं. एप्रिलमध्ये हाताच्या टेकूचा स्पंज फाटला. आणि जूनमध्ये तो रंकाळ्याचा लाल दिवा. कंपनीला फोन केला. "मॅडम, तक्रार नोंदवली आहे." तीन दिवसांनी पुण्याहून उत्तर: तंत्रज्ञ येण्याचे बाराशे, जोयस्टिक बदलावी लागेल, साडेअकरा हजार. वॉरंटी वर्षाची आहे म्हटलं तर म्हणे, पाणी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, अहो, ही खुर्ची तुम्ही कोल्हापुरात विकलीय, जैसलमेरला नाही. पलीकडून शांतता.

भाच्यानं खुर्ची उद्यमनगरात नेली. तिथं मोटर वाइंडिंगच्या दुकानातला पोरगा, विशीचा असेल, जोयस्टिकची खालची डबी उघडून वास घेतला. खरंच वास घेतला. "काय बी झालं नाही मावशी, कनेक्टर गंजलाय." साफ केला, कसलंसं ग्रीस लावलं, दोनशे रुपये. जाताना म्हणाला, पावसात जोयस्टिकवर काहीतरी टोपी घाला. घरी जहाजाच्या न्हाणीतून फुकट आणलेली केसांची प्लॅस्टिक टोपी होती, इलॅस्टिकवाली. तंतोतंत बसली. पाच रात्रींच्या भाड्यातून वसूल झालेली हीच एक वस्तू रोज वापरात आहे.

खरं तर दोन वस्तू. दुसरी त्याच गल्लीतली. जहाजावरून आल्या आल्या मी फॅब्रिकेशनवाल्याला पावणेदोन इंचांची कहाणी ऐकवली होती. त्यानं न बोलता खडूनं फरशीवर आकृती काढली आणि चार दिवसांत अॅल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटचा उतार करून दिला. दोन फूट लांब, मधोमध बिजागरी, घडी करून खुर्चीमागच्या पिशवीत जातो. वजन साडेतीन किलो, किंमत अठराशे. तो सोळाशे घेईना आणि मी दोन हजार देईना, म्हणून अठराशे. या उताराच्या जिवावर मी माझ्या जुन्या बँकेच्या शाखेत सात वर्षांनी आत गेले. मॅनेजर बाहेर येऊन सही घेऊन जायचा, आता मीच त्याच्या टेबलापाशी जाते, बिचारा चहा मागवतो. चुलत भावाच्या घरी स्वयंपाकघरात जाऊन पहिल्यांदा पाहिलं की वहिनी रस्स्यात काय घालते. सांगणार नाही.

तर खुर्चीला आज साडेतीन तारे. गाडी ठीक, सर्व्हिसला शून्य, उद्यमनगर मिळून साडेतीन. सर्व्हिस जवळ नसलेल्या गावात असाल तर दोनच धरा.

पुढच्या जानेवारीत सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाचं बघतेय. पेनांग आणि पोर्ट क्लँग, दोन्हीकडे धक्का, बोटीचा खेळ नाही. 288 ची बॅटरी आता कामाला येईल. उतार विमानात नेता येतो का, तेही विचारलंय. एजंट नवा आहे. त्याला मेलमध्ये एकच प्रश्न पाठवला: न्हाणीच्या दाराचा उंबरा आतल्या बाजूनं किती इंच आहे, टेप लावून सांगा. काल उत्तर आलं.

"नमस्कार मॅडम, काळजी नसावी. जहाजावर व्हीलचेअर मिळते."