टॉर्शन बॅलन्स संच : खान्देशातल्या कॉलेजांनी घ्यावा का?

टॉर्शन बॅलन्स म्हणजे तारेच्या पिळावरून ओढ मोजणारा तराजू. दोन गोळ्यांमधली गुरुत्वाची ओढ मोजणारा, शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशचा १७९८ मधला प्रयोग टेबलावर करून दाखवणारा हा संच. दीड-दीड किलोचे दोन शिशाचे गोळे, टोकांना १५ ग्रॅमच्या गोळ्या असलेली दांडी, ती टांगायची अतिबारीक तार, आरसा आणि लेसर. गोळा आणि गोळी यांच्या केंद्रांत ४६.५ मिमी अंतर. त्यांची ओढ जेमतेम ०.०७ मायक्रोग्रॅमच्या वजनाइतकी. तरी मोठे गोळे फिरवून दुसऱ्या बाजूला नेले की दांडी वळते आणि आरशावरून पाच मीटरवरच्या भिंतीवर पडणारा लेसरचा ठिपका १५-१७ सेंमी सरकतो! एवढ्यासाठीच संच घ्यावा.

आपल्याकडे अडतं ते जागेपाशी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि इमारतीबरोबर संचाची पातळीही ढळते. तळमजल्यावर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडाप्प्यावरच तो ठेवा. भुसावळात रुळांजवळ असाल तर गाडी गेल्यावर ठिपका बराच वेळ थरथरतो. मे महिन्यात हा प्रयोग लावूच नका. पेटीची एक बाजू तापली की आतली हवा फिरते आणि दांडी भरकटते. डिसेंबरची रात्र उत्तम, पंखा बंद.

तार टांगल्यावर एक दिवस हात लावू नये, तिचा पीळ बसू द्यावा. पेटीला अर्थिंग हवंच. काचेवरचा स्थिर विद्युतभार गुरुत्वाला सहज गिळतो. गोळे फिरवताना काचेला टेकले तर पुन्हा तासभर थांबा. एक झोका साधारण दहा मिनिटांचा. दर ३० सेकंदांनी नोंद घ्या. पलीकडचा गोळाही प्रत्येक गोळीला उलट ओढतो. ती दुरुस्ती विसरली की उत्तर, म्हणजे गुरुत्व स्थिरांक G, ७ टक्क्यांनी कमी येतं. केंद्रांतलं अंतर मोजताना १ मिमी चुकलं तर आणखी ४ टक्के गेले.

क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वही अणुरेणूंच्या क्वांटम नियमांनी चालतं का हा विषय, यावर शिकवता येईल का? थेट नाही, इथल्या सूत्रात क्वांटम नियमांची खूण असलेला प्लँकचा स्थिरांकच नाही. व्हिएन्नात २०२१ मध्ये सुमारे ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्यांमधली ओढ मोजली गेली, तीही अशाच दांडीवर. २०१७ च्या प्रस्तावात मिलिग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाएवढे दोन कण, प्रत्येक एकाच वेळी दोन ठिकाणी, शेजारी ठेवायचे आहेत. निव्वळ गुरुत्वामुळे त्यांच्यात एंटँगलमेंट (दोन कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं) झालं, तर गुरुत्वही क्वांटम असल्याचा तो भक्कम पुरावा ठरेल. तो प्रयोग अजून झालेला नाही. तिथेही आडवे येतात ते विद्युतभार, कंप आणि उष्णताच. हे शत्रू विद्यार्थ्यांना भिंतीवरच्या ठिपक्यात दिसतात, हे या संचाचं खरं मोल.

मागवताना दोन तारा जास्तीच्या घ्या. पहिली बहुधा चढवतानाच तुटते.