आठ महिने ६५ लिटर, बावीस महिने २४३ लिटर: रत्नागिरीतील माझ्या रीफ टाकीचा अनुभव

माझ्या घरात आजवर दोन रीफ टाक्या, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे सांभाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या, झाल्या. पहिली ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची, म्हणजे मापाने सुमारे ६५ लिटरची, ऑक्टोबर ते मे अशी आठ महिने चालली. दुसरी १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, म्हणजे २४३ लिटरची, गेले बावीस महिने चालू आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला १००० ने भागले की लिटर मिळतात. परंतु दगड, वाळू आणि काठाखाली सोडलेली जागा वजा केल्यावर पहिल्या टाकीत प्रत्यक्ष पाणी जेमतेम ५० लिटर होते आणि दुसरीत ते सुमारे १९० लिटर आहे. दुसरीच्या खाली बसवलेल्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या दुय्यम टाकीत, आणखी ७० लिटर पाणी फिरते. माझा पुढचा सगळा अनुभव ५० आणि २६० या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे.

पहिली टाकी घेताना ‘नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी’ हा सल्ला मी प्रमाण मानला. गोड्या पाण्यातील माशांच्या बाबतीत तो कदाचित चालून जात असेल. खाऱ्या पाण्यात, त्यातही कोकणच्या हवेत, तो मला महागात पडला. मार्च-एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा लावल्यावर त्या टाकीतून दिवसाला साधारण दीड लिटर पाणी उडून जाई. पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. ५० लिटरमधून दीड लिटर पाणी गेले की क्षारता दर हजारी ३५ वरून ३६ च्या थोडी पुढे जाते, आणि मी शाळेतून परतल्यावर गोडे पाणी एकदम ओतले की ती तितक्याच झटक्याने खाली येते. हा हेलकावा रोज होत राहिल्यामुळे मश्रूम प्रवाळ आक्रसून बसले आणि गोगलगायी एकामागून एक मेल्या. आजच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज चार लिटर पाणी उडते, पण २६० लिटरमध्ये त्याचा परिणाम अर्ध्या अंकाइतकाच होतो, आणि पातळी घटताच गोडे पाणी सोडणाऱ्या संपमधील तरंगत्या गोळ्याच्या झडपेमुळे तेवढाही जाणवत नाही.

मे महिन्यात एका दुपारी पाच तास वीज नव्हती. लहान टाकीचे तापमान ३२ अंशांवर गेले, प्रवाह थांबला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते, त्यामुळे कमी पाण्याच्या टाकीत धोका फार लवकर उभा राहतो. पंख्याच्या थंडाव्याबद्दलही आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनाच्या जोरावर, आणि मे अखेरीस मळभ दाटून हवा दमट झाली की पाणी उडतच नाही. ज्या दिवशी थंडाव्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवशी पंखा निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या टाकीचा पहिला मे महिना मी पंख्यांवरच काढला आणि पाणी ३० अंशांपर्यंत गेलेले पाहिले. दुसऱ्या उन्हाळ्यापूर्वी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेतला. कोकणात रीफ टाकीचा खर्च मांडताना चिलर पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेल्यावर फक्त मुख्य पंप आणि एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर चालतात. दोघांची मिळून गरज ३५ ते ४० वॉट आहे, त्यामुळे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एक रात्र सहज निघते. त्याशिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंप मी नेहमी तयार ठेवतो.

समुद्र इतका जवळ असताना विकतचे मीठ कालवून पाणी कशाला बनवता, हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. मीही सुरुवातीला कॅन घेऊन भरतीच्या वेळी किनाऱ्यावर गेलो होतो. हिवाळ्यात ते पाणी बरे असते, पण पाऊस सुरू झाला की नद्या-वहाळांचे लाल पाणी खाड्यांतून समुद्रात येते. जुलैमध्ये खाडीच्या तोंडाजवळचे पाणी माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) २६ दाखवत होते. होडीवर जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मला तेव्हाच सांगितले होते, “गुरुजी, आता हितलं पाणी नको. गढूळ आणि गोडसर सगळं. बाहेर जायला लागलो की मीच आणून देईन.” परंतु १ जून ते ३१ जुलै या काळात पावसाळी मासेमारी बंदी असते, म्हणजे खोल समुद्रातील पाणी मिळण्याचा तोही मार्ग बंद होतो. टाकीला दर पंधरवड्याला पाणी लागते. वर्षातील काही महिनेच खात्रीने मिळणाऱ्या पाण्यावर ती अवलंबून ठेवता येत नाही. आता मी आरओ आणि डीआय, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या, गाळणीतून काढलेल्या पाण्यात मीठ कालवतो. २६ लिटरच्या एका बदलाला जवळपास एक किलो मीठ लागते, आणि पावसाळ्यापूर्वी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्याचा साठा करून ठेवतो, कारण आपल्या हवेत उघडे राहिलेले मीठ आठवड्यात दगड होते. विहिरीचे पाणी मी थेट वापरून पाहिले होते. त्यानंतर महिनाभर काचेवरचे शेवाळ खरवडत होतो.

टाकीच्या मापाला घराचीही संमती लागते. पाणी, काच, दगड आणि संप मिळून माझ्या टाकीचे वजन सुमारे ४०० किलो भरते. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे, त्यामुळे माजघरातील कोब्यावर चिऱ्यांचाच ओटा बांधून, पाणसळीने समतल करून, वर जाड फोम अंथरून टाकी ठेवली. पहिल्या टाकीचे प्लायवूडचे स्टँड नंतरच्या एका ऑगस्टमध्ये फुगले होते आणि लोखंडी स्टँड खाऱ्या शिंतोड्यांनी किती लवकर गंजते हे मी परिचितांकडे पाहिले आहे. चिऱ्यांच्या ओट्याला मात्र आजवर काहीही झालेले नाही. पडवीत टाकी ठेवण्याचा मोह मी टाळला, कारण तिथे दुपारचे ऊन आणि पावसाची झड दोन्ही येतात.

आता सजीवांविषयी, कारण माझ्या मोठ्या चुका तिथे झाल्या. पहिल्या टाकीत मी आमच्या कातळावरच्या डबक्यातून आणलेला काळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला मासा सोडला होता. ओहोटीला असे मासे हातभर पाण्यात सापडतात आणि अंगठ्याएवढे असताना फार गोजिरे दिसतात. तो सर्जंट मेजर होता, डॅमसेल कुळातला. हा मासा पुढे १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि आपली जागा कोणालाही वाटून देत नाही. दोन महिन्यांत त्याने क्लाउनफिशच्या जोडीला एका कोपऱ्यात कोंडले आणि त्यांचे पंख फाडले. बाहेरच्या माशांसोबत राहिलेला जीव परत समुद्रात सोडणे योग्य नव्हते, कारण त्याच्याबरोबर रोगही जातो. शेवटी सहा फुटी टाकी असलेल्या एका परिचितांनी तो नेला. त्याच सुमारास एका विक्रेत्याने मला पाच सेंटिमीटरची ब्लू टँग ‘तुमच्या टाकीत आरामात राहील’ म्हणून देऊ केली होती. हा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. सहा फुटांपेक्षा आखूड टाकीत तो ठेवू नये. दुकानातले माप पाहून मासा घेऊ नये, त्याचे पूर्ण वाढलेले माप विचारावे. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात मोठ्या टाक्यांमधले वाढलेले मासे मी तासभर उभा राहून पाहिले, तेव्हा मला हव्या असलेल्या माशांची यादी निम्म्याने कमी झाली.

दुसऱ्या वेळी मी उलट क्रमाने गेलो: आधी कोणते मासे हवेत ते लिहिले, प्रत्येकाची पूर्ण लांबी, पोहण्याची पातळी आणि स्वभाव त्याच्यापुढे मांडला, आणि मग टाकीची लांबी-रुंदी ठरवली. उंचीला मी सर्वांत कमी महत्त्व दिले. उंच टाकीत लिटर वाढतात, पण माशांना जागा मिळते ती तळाच्या क्षेत्रफळातून; पाण्यात प्राणवायू मिसळतो तो पृष्ठभागातून; आणि खोल तळापर्यंत प्रकाश पोहोचवायला दिवे जास्त लागतात, शिवाय हात पोहोचत नाही तो भाग वेगळाच.

आज टाकीत सात मासे आहेत: ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी, बांगाई कार्डिनलची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी आणि एक लॉनमोअर ब्लेनी. सोबत पिस्टल कोळंबी, दोन क्लीनर कोळंब्या आणि गोगलगायी आहेत. पाणी घातल्यावर सहा आठवडे एकही मासा सोडला नाही. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन त्यांपासून बनणारे नायट्रेट दिसू लागेपर्यंत थांबलो. त्यानंतर सर्वांत बुजरा असलेला फायरफिश आधी, मग गोबी व कार्डिनल, मग ब्लेनी आणि हक्क गाजवणारे क्लाउनफिश शेवटी, असा क्रम ठेवला. आधी आलेला मासा जागा बळकावतो, म्हणून भांडखोर मासा शेवटी येणे फार गरजेचे आहे. फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे बारीक जाळीचे झाकण लागते. गोबी आणि पिस्टल कोळंबी एकाच बिळात राहतात; जवळजवळ आंधळी कोळंबी दिवसभर वाळू उपसते, गोबी दारात पहारा देतो आणि तिची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. माझ्या आईला टाकीतले हेच सर्वांत आवडते.

बांगाई कार्डिनल मी आधी तीन घेतले होते आणि ती चूक होती. लहानपणी ते घोळक्याने राहतात, पण जोडी जमली की तिसऱ्याला जगू देत नाहीत. तिसरा वेळीच काढून परत केला. हा मासा मूळचा इंडोनेशियातील बांगाई बेटांजवळचा असून निसर्गात संकटग्रस्त मानला जातो, म्हणून टाकीत जन्मलेलाच घ्यावा. क्लाउनफिशच्या बाबतीत तर समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे कारणच उरलेले नाही. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे आणि टाकीत वाढलेली पिल्ले घरी आणल्यावर दाणेदार खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही. ते नव्या टाकीत सहसा जगत नाही आणि फिरत फिरत पंपात अडकले तर सगळी टाकी नासवते, त्यामुळे मी ठेवलेले नाही. मँडरिन माशाचा मोहही असाच बाजूला ठेवला आहे, कारण तो बहुधा कोपेपॉड नावाचे जिवंत सूक्ष्म कवचधारी जीवच खातो आणि माझ्या टाकीत ते त्याला वर्षभर पुरतील अशी मला खात्री वाटत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत कायदा आधी वाचावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पाषाण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे संरक्षित आहेत; समुद्रघोडेही आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरून ज्याने तिथले प्रवाळ पाहिले आहेत, त्याला त्यातला तुकडा घरी आणण्याचे मनात येऊ नये असे मला मनापासून वाटते. मी दगडही कृत्रिम, सिरॅमिकचे वापरले आहेत. मऊ प्रवाळांपैकी मश्रूम, झोअँथिड आणि एक लेदर एवढेच आहेत, आणि तेही दुसऱ्यांच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे आहेत. लेदर प्रवाळ शेजारच्या प्रवाळांना दाबण्यासाठी पाण्यात रसायने सोडते, म्हणून ते एका टोकाला ठेवले आहे आणि संपमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी कायम असते. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. त्यांना हातमोजे घालूनच हात लावावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याचा नियम मी एकदाच मोडला. कार्डिनलसोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. त्यावरचे तांब्याचे औषध कोळंब्या आणि प्रवाळ यांना मारते, त्यामुळे ते रीफ टाकीत घालताच येत नाही. सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर स्वतंत्र उपचार करावे लागले आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागली. जुनी ६५ लिटरची टाकी आता याच कामासाठी वापरतो आणि त्या कामाला तिचे माप अगदी योग्य आहे.

पुन्हा टाकी घ्यायची झाली तर लांबी आणि उंची तीच ठेवून रुंदी ४५ ऐवजी ६० सेंटिमीटर घेईन. ३२४ लिटर होतील, ओटा चिऱ्याच्या आणखी एका ओळीने वाढवावा लागेल आणि मीठही जास्त लागेल. पण दगडाच्या मागे पोहायला वाट राहील. सध्याच्या टाकीत ती वाट नाही, आणि क्लाउनफिशच्या मादीने मागच्या काचेजवळच्या दगडावर अंडी घालायला सुरुवात केल्यापासून ब्लेनीला लपण्यासाठी पुढचा एकच कोपरा उरला आहे.